सुकलेली जखम महिन्याने पुन्हा वाहू लागते तेव्हा: शस्त्रक्रियेनंतरच्या दुर्मीळ जिवाणूसंसर्गाचे निदान आणि उपचार

उमरेड तालुक्यातून आलेल्या एका महिलेने टेबलावर प्लास्टिकची पिशवी उलटी केली, तेव्हा तिच्यातून चार वेगवेगळ्या प्रतिजैविकांची रिकामी पाकिटे, कल्चरचे (जिवाणू वाढवून पाहण्याच्या चाचणीचे) दोन अहवाल आणि घडीवर फाटत आलेले डिस्चार्ज कार्ड बाहेर पडले. दुर्बिणीतून पित्ताशय काढून तिला नऊ आठवडे झाले होते. "सर, जखम तं सुकली होती ना, मंग आता हे पानी कायले येऊन राह्यलं?" हा तिचा प्रश्न साधा होता, परंतु निदानाचा अर्धा भाग त्यातच होता. आधी सुकलेली आणि नंतर वाहू लागलेली जखम ही न सुकलेल्या जखमेपेक्षा वेगळी असते. दोन्ही अहवालांवर "वाढ आढळली नाही" असे छापलेले होते आणि प्रत्येक अहवालानंतर प्रतिजैविक तेवढे बदलले गेले होते.

नागपूरच्या धंतोली आणि रामदासपेठेतील रुग्णालयांत, तसेच मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधील एम्समध्ये विदर्भातून, शेजारच्या छिंदवाडा, सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांतून असे रुग्ण येतात, आणि बहुतेकांची मूळ शस्त्रक्रिया दुसरीकडेच झालेली असते. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या तरुण शल्यचिकित्सकांसाठी आणि कुटुंब डॉक्टरांसाठी हा लेख आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनीही तो वाचावा, मात्र येथे दिलेली औषधे स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत.

दिवस मोजा

जखम उघडण्याआधी डिस्चार्ज कार्डावरील शस्त्रक्रियेची तारीख बघावी, पहिली गाठ किंवा पहिला स्राव केव्हा दिसला ते विचारावे आणि या दोहोंमधील दिवस केसपेपरवर आकड्यात लिहावेत. पुष्कळांना तारीख आठवत नाही, पण सण आठवतो. "तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहिल्यांदा कपड्याला डाग लागला" एवढे कोणी सांगितले तरी आपले काम होते.

पहिल्या ४८ तासांत जोराचा ताप, जखमेच्या दिसण्याशी न जुळणाऱ्या वेदना, भांडी धुतलेल्या पाण्यासारखा पातळ राखाडी स्राव किंवा त्वचेखाली दाबल्यावर जाणवणारी वायूची चरचर आढळली, तर तो अ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस किंवा क्लॉस्ट्रिडियम असू शकतो. अशा वेळी अहवालाची वाट पाहायची नसते. पेनिसिलिन आणि क्लिंडामायसिनसह व्यापक प्रतिजैविके शिरेतून तत्काळ सुरू करून त्याच तासात जखम ऑपरेशन थिएटरमध्ये उघडावी आणि मृत ऊती काढावी. स्कॅनसाठी रांगेत थांबलेला असा रुग्ण हातचा जाऊ शकतो.

चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान येणारा पू बहुधा नेहमीच्या जिवाणूंचा, म्हणजे स्टॅफिलोकॉकस, ई. कोलाय किंवा क्लेबसिएला यांचा असतो आणि त्याच्या उपचाराची वाट सर्वांना ठाऊक आहे.

येथे ज्यांचा विचार करायचा आहे ते रुग्ण तिसऱ्या आठवड्यानंतर, कधी दोन-तीन महिन्यांनीही येतात. ताप नसतो, भूक चांगली असते, पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात, केवळ एखाद्या छिद्राच्या जागी गाठ किंवा वाहणारे तोंड असते. या काळात सर्वप्रथम आठवायचे ते जलद वाढणारे मायकोबॅक्टेरिया: फॉर्च्युइटम, चेलोनी आणि ॲबसेसस. हे क्षयाच्या जंतूंचे भाऊबंद आहेत, पण क्षयाचे नाहीत. ते सहसा माणसाकडून माणसाकडे पसरत नाहीत, तर माती आणि पाण्यात राहतात. चेलोनी हे नाव कासवाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, कारण १९०३ मध्ये हा जिवाणू प्रथम समुद्री कासवांत सापडला. नळाच्या आतल्या बुळबुळीत थरात, टाकीच्या तळाशी आणि नीट न वाळवलेल्या उपकरणांच्या पोकळीत तो मुक्काम करतो.

जखमेकडे बघताना

सुरुवातीला छिद्राच्या जागी दुखरी, घट्ट गाठ येते. ती वाढते, मऊ होते आणि फुटते. फुटल्यावर वेदना कमी होतात, त्यामुळे रुग्णाला बरे वाटू लागते आणि तो दोन आठवडे येतच नाही. पुढे पांढरट किंवा पाण्यासारखा स्राव देणारा नाडीव्रण, म्हणजे आत खोलवर गेलेली वाहती नळी, तयार होतो, भोवतालची त्वचा काळवंडते आणि शेजारी नव्या गाठी उठू लागतात. नव्या गाठी दिसू लागल्या म्हणजे संसर्ग त्वचेखालून सरकत आहे असे समजावे.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत चार छिद्रे असतात आणि तक्रार एकाची असते, तरी चारही बोटाने चाचपावीत. ज्या छिद्रातून पित्ताशय बाहेर काढले, तेथे हा आजार अधिक आढळतो. बहुधा ते छिद्र बेंबीचे किंवा छातीच्या खालच्या टोकाशी असलेले असते. सिझेरियन, हर्नियाची जाळी, स्तनाची शस्त्रक्रिया, चरबी काढण्याची शस्त्रक्रिया आणि साधे स्नायूतील इंजेक्शन यांनंतरही हेच चित्र दिसते.

एक सावधगिरी येथेच सांगून ठेवतो. कडा जांभळट आणि आतून पोखरलेल्या, वेदना असह्य, कल्चर वारंवार निर्जंतुक, आणि प्रत्येक वेळी जखम साफ केल्यावर ती आणखी मोठी होते, असे दिसले तर हात आखडावा. तो पायोडर्मा गँग्रेनोसम असू शकतो. तो संसर्ग नव्हे. त्यावर स्टिरॉइड लागते आणि सुरी लावली की तो चिघळतो. संसर्ग नाही याची खात्री करून त्वचारोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. न विरघळणाऱ्या टाक्याभोवती झालेली गाठही अशीच फसवते, मात्र टाका निघाला की ती शमते.

नमुना घेणे

सगळे येथे घडते किंवा बिघडते. जखमेच्या तोंडावरून फिरवलेला स्वॅब जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण त्यावर त्वचेवरचे जिवाणू येतात आणि मायकोबॅक्टेरियाच्या मेणचट पेशी कापसाला चिकटून राहतात. गाठ फुटलेली नसेल तर वरची त्वचा स्वच्छ करून बाजूच्या निरोगी त्वचेतून जाड सुईने पू ओढावा. नाडीव्रण असेल तर त्याच्या भिंतीचा आणि तळाचा तुकडा काढावा, आणि तो चण्याच्या दाण्यापेक्षा लहान नसावा.

रुग्णाची प्रकृती स्थिर असेल तर चालू असलेली प्रतिजैविके थांबवून साधारण दोन आठवड्यांनी नमुना घ्यावा. गोळी बंद करायची म्हटल्यावर नातेवाईक घाबरतात. तेव्हा हा आजार सावकाश चालणारा आहे, दोन आठवड्यांत धोका वाढत नाही, पण चुकीचा अहवाल आला तर चार महिने वाया जातात, हे त्यांना बसवून समजावून सांगावे. ताप किंवा पसरणारी लाली असेल तर अर्थातच थांबू नये.

आता दोन डब्या समोर ठेवाव्यात. एकीत फॉर्मॅलिन असते, दुसरीत निर्जंतुक सलाईन. तुकड्याचे दोन भाग करावेत. फॉर्मॅलिनमधला भाग पॅथॉलॉजीकडे जातो आणि सलाईनमधला मायक्रोबायोलॉजीकडे. फॉर्मॅलिन जिवाणूंना मारते, त्यामुळे त्यात पडलेल्या तुकड्याचे कल्चर कधीच होऊ शकत नाही. शस्त्रक्रियेच्या शेवटी, ड्रेसिंगच्या घाईत, सगळा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो आणि सगळी मेहनत त्या एका क्षणात फुकट जाते. हे मी माझ्या स्वतःच्या टेबलावर घडताना पाहिले आहे. तेव्हापासून सलाईनची डबी मी शस्त्रक्रिया सुरू होण्यापूर्वी माझ्या हाताने लेबल लावून ट्रॉलीवर ठेवतो. सलाईन थोडेच असावे, तुकडा ओला राहण्यापुरते. नागपूरच्या मे महिन्यात, पारा ४५ अंशांच्या पुढे असताना, मोटारसायकलच्या डिकीतून नमुना पाठवू नये. बर्फाच्या पिशवीच्या डब्यातून तो त्याच दिवशी पोहोचवावा.

प्रयोगशाळेच्या फॉर्मवर काय लिहावे

"पू, कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी" एवढेच लिहिले तर प्रयोगशाळा आपल्या नेहमीच्या रीतीने प्लेट ४८ तास ठेवते आणि टाकून देते. जलद वाढणारे असे नाव असले तरी हे जिवाणू दिसू लागायला तीन ते सात दिवस घेतात. क्षयाच्या जंतूच्या मानाने ते जलद आहेत, एवढाच त्याचा अर्थ. उमरेडच्या त्या महिलेच्या दोन्ही नमुन्यांवर नेमके हेच घडले होते. म्हणून फॉर्मवर शस्त्रक्रियेचे नाव, तिला झालेले दिवस, घेतलेली औषधे आणि शंका स्पष्ट लिहावी: "दुर्बिणीतून पित्ताशय काढल्यानंतर ६३ दिवस, नाडीव्रण, जलद वाढणाऱ्या मायकोबॅक्टेरियाची शंका, कृपया प्लेट १४ दिवस ठेवावी." आणि मायक्रोबायोलॉजिस्टला फोन करावा, पाच मिनिटांच्या त्या बोलण्याने अहवालाची उपयुक्तता दुपटीने वाढते.

मागायच्या चाचण्या अशा. ग्रॅम आणि झील-नील्सन हे दोन्ही स्टेन (जिवाणू रंगवून पाहण्याच्या पद्धती) करावेत. साध्या ब्लड अगारवर हे जिवाणू वाढतात. त्यासोबत लोवेनस्टाइन-जेन्सन माध्यम किंवा द्रव माध्यम वापरावे, आणि एक संच ३० अंशांवर व दुसरा ३५ ते ३७ अंशांवर ठेवावा, कारण चेलोनी कमी तापमानावर चांगला वाढतो. क्षयाच्या थुंकीवर केली जाणारी अल्कलीची प्रक्रिया निर्जंतुकपणे काढलेल्या ऊतीवर करू नये. तिने जलद वाढणारे जिवाणूही मरू शकतात. त्याच तुकड्यावर जीनएक्सपर्ट ही क्षयाची जनुकीय चाचणीही मागवावी, कारण छिद्राच्या जागी खरा क्षयही होतो आणि त्याचा उपचार पूर्ण वेगळा आहे.

त्याच फॉर्मवर नोकार्डिया या जिवाणूचाही उल्लेख असावा. तो फांद्या फुटलेल्या धाग्यांसारखा दिसतो, सौम्य आम्ल वापरलेल्या स्टेनमध्येच लाल होतो, प्लेटवर दोन-तीन आठवडे घेऊ शकतो आणि को-ट्रायमॉक्साझोलला सहसा दाद देतो. जबड्याच्या किंवा अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर स्रावात पिवळे कण दिसले तर ॲक्टिनोमायसिस या जिवाणूसंसर्गासाठी ऑक्सिजनविरहित कल्चर लागते आणि उपचार पेनिसिलिन गटाच्या औषधाने, कित्येक महिन्यांचा असतो.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यातून आलेल्या मधुमेही रुग्णाच्या बाबतीत आणखी एक नाव ध्यानात ठेवावे: बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय, म्हणजे मेलिऑइडोसिस या आजाराचा जिवाणू. तो ओल्या मातीत राहतो आणि अहवालात बऱ्याचदा "स्यूडोमोनास प्रजाती" म्हणून येतो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोघांनाही न जुमानणारा, पण ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटला संवेदनशील असा ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम निगेटिव्ह जिवाणू दिसला, तर प्रयोगशाळेला पुन्हा तपासायला सांगावे. त्याला सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान १० ते १४ दिवस आणि नंतर को-ट्रायमॉक्साझोल तीन महिने किंवा अधिक द्यावे लागते.

अहवाल वाचताना होणाऱ्या चुका

पॅथॉलॉजीच्या अहवालात "ग्रॅन्युलोमा" (दाहातून जमलेल्या पेशींची बारीक गाठ) हा शब्द दिसला, खाली "कॉक्सशी", म्हणजे क्षयाशी, "सुसंगत" असे लिहिलेले असले, की त्याच दिवशी चार औषधांचा क्षयोपचार सुरू होतो. आपल्याकडे क्षय इतका आहे की ही घाई समजण्यासारखी आहे, पण ग्रॅन्युलोमा हे कारणाचे नाव नव्हे. जलद वाढणारे मायकोबॅक्टेरियाही ग्रॅन्युलोमा घडवतात, बरेचदा त्यात पूयुक्त दाहही मिसळलेला असतो, आणि नेहमीच्या क्षयोपचाराला ते सर्वसाधारणपणे दाद देत नाहीत.

आम्लरोधक, म्हणजे झील-नील्सनमध्ये लाल राहणारे, जिवाणू दिसले आणि जीनएक्सपर्ट निगेटिव्ह आले, तर शंका बळावते. जीनएक्सपर्ट केवळ क्षयाच्या जंतूंचा गट ओळखते. कल्चर वाढल्यानंतर एमपीटी ६४ चाचणी निगेटिव्ह आली तर क्षयेतर मायकोबॅक्टेरियाकडे बोट जाते आणि नेमकी जात लाइन प्रोब किंवा जनुकक्रमाच्या चाचणीने कळते. ग्रॅम स्टेनमध्ये हे जिवाणू मणी ओवल्यासारखे, फिकट रंगलेले दिसतात. त्यामुळे "डिफ्थेरॉइड (त्वचेवरचे सहसा निरुपद्रवी जिवाणू), बहुधा दूषण" असा शेरा पडून विषय तेथेच संपू शकतो. तिसऱ्या आठवड्यानंतरच्या नाडीव्रणात असा शेरा आला तर प्लेट फेकण्याआधी झील-नील्सन करून मागावे.

उमरेडच्या महिलेच्या तिसऱ्या, म्हणजे ऊतीच्या नमुन्यात पाचव्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढ्या वसाहती दिसल्या. जात फॉर्च्युइटम निघाली.

औषधे

पहिला नियम, एकट्या औषधावर भिस्त ठेवू नये. सिप्रोफ्लॉक्सासिन एकटे दिले तर महिनाभर स्राव थांबतो, नंतर जिवाणू प्रतिरोधी होऊन परततो आणि एक चांगले औषध हातातून गेलेले असते. शंका दाट असताना अहवाल येईपर्यंत प्रौढांना सामान्यतः क्लॅरिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि त्यासोबत ॲमिकासिन वजनाच्या प्रत्येक किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम दिवसातून एकदा देतात. मूत्रपिंड कमजोर असेल किंवा वय जास्त असेल तर मात्रा कमी करावी. सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे कोणते औषध लागू पडते याचा, अहवाल आल्यावर त्यानुसार दोन किंवा तीन औषधे ठरवावीत.

जात कळणे महत्त्वाचे आहे, कारण प्रत्येकीची खोड वेगळी आहे. फॉर्च्युइटमला सिप्रोफ्लॉक्सासिन, ॲमिकासिन, लिनेझोलिड आणि को-ट्रायमॉक्साझोल यांपैकी दोन बहुधा लागू पडतात, पण त्याच्या अंगी क्लॅरिथ्रोमायसिनला हुलकावणी देणारे जनुक असते, म्हणून त्या औषधावर विसंबू नये. चेलोनीत असे जनुक नसते. त्याच्यावर क्लॅरिथ्रोमायसिन चांगले चालते आणि ॲमिकासिनपेक्षा टोब्रामायसिन सरस ठरते. ॲबसेसस सर्वांत हट्टी. त्याला ॲमिकासिन, इमिपेनेम किंवा सेफॉक्सिटिन, कधी टायजेसायक्लिन लागते, आणि क्लॅरिथ्रोमायसिनची चाचणी तिसऱ्या-पाचव्या दिवशी "संवेदनशील" दिसली तरी ती १४ व्या दिवसापर्यंत ठेवून वाचावी लागते, कारण औषधाच्या संपर्कात आल्यावरच त्याचा प्रतिरोध जागा होतो.

"क्षयही असू शकतो" म्हणून रिफाम्पिसिनही सोबत चालू ठेवण्याची प्रथा मी पाहिली आहे. ती सोडावी, रिफाम्पिसिनमुळे रक्तातील क्लॅरिथ्रोमायसिनची पातळी घसरते.

उपचार किमान चार महिने चालतात. संसर्ग खोल असेल, हाडापर्यंत गेला असेल किंवा जाळीशी निगडित असेल तर सहा महिने किंवा अधिक. जखम सहाव्या आठवड्यातच कोरडी होते आणि तेथेच रुग्ण औषध सोडतो. राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमातून मिळणारा मोफत संच या आजारासाठी नसतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज पहिल्याच भेटीत मोकळेपणाने द्यावा. धानकापणीच्या हंगामात पैसा आणि वेळ दोन्ही नसल्याने उपचार तुटतात, हे गृहीत धरून पुढच्या भेटीची तारीख ठरवलेली बरी.

औषध सुरू असताना ॲमिकासिनसाठी दर आठवड्याला क्रिएटिनिन, तसेच सुरुवातीला आणि नंतर नियमाने श्रवणचाचणी करावी. कानात घुं घुं आवाज येतो असे रुग्णाने सांगताच इंजेक्शन थांबवावे. लिनेझोलिडवर दर आठवड्याला रक्तपेशींची मोजणी करावी आणि पायाच्या मुंग्या व नजरेविषयी विचारावे. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत सिम्व्हास्टॅटिन देऊ नये. सिप्रोफ्लॉक्सासिन जोडताना आधी ईसीजी काढावा. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर क्लॅरिथ्रोमायसिन आणि सिप्रोफ्लॉक्सासिन या दोन्ही औषधांमुळे एकाएकी उतरू शकते. सिप्रोफ्लॉक्सासिन दूध, लोह, कॅल्शियम किंवा ॲसिडिटीच्या औषधासोबत घेतले तर अंगाला लागत नाही. सिझेरियननंतरच्या स्तनदा मातेची औषधे बालरोगतज्ज्ञाला विचारून ठरवावीत.

सुरी केव्हा

एकच लहान गाठ असेल तर औषधांनी ती विरू शकते. नाडीव्रण, अनेक गाठी किंवा पूची पोकळी असेल तर शस्त्रक्रिया लागते, आणि शक्यतो औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी ती केल्यास काठ कळतात. त्याआधी सोनोग्राफी किंवा एमआरआय करून वाट किती खोल गेली ते पाहावे. वरवर चिरा देऊन पू काढणे पुरेसे नाही; संपूर्ण नळी, भिंतीसह, स्नायूंच्या आवरणापर्यंत काढावी, जुने टाके शोधून काढावेत आणि तुकडा पुन्हा दोन्ही डब्यांत पाठवावा. संसर्ग झालेली जाळी बहुतेक वेळा काढावीच लागते. जखम उघडी ठेवून आतून भरू द्यावी.

घरी ड्रेसिंग करताना सलाईनची बाटली उघडल्यापासून २४ तासांनी टाकून द्यावी. टाकीचे किंवा पिंपातले पाणी जखमेवर घेऊ नये, हळद किंवा तूप भरू नये. आणि उन्हाळ्यात कूलरमध्ये पाणी भरणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय पट्टीला हात लावू नये.

दुसरा रुग्ण होण्याआधी

एक रुग्ण सापडला म्हणजे ऑपरेशन थिएटरकडे बघणे भाग आहे. दुर्बिणीची उपकरणे २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये २० मिनिटे बुडवून दोन शस्त्रक्रियांच्या मध्ये वापरली जात असतील, तर ते जंतुनाशन आहे, निर्जंतुकीकरण नव्हे. त्या द्रावणाने बीजाणू मारायला सुमारे १० तास लागतात. ब्राझीलमध्ये २००४ ते २००८ या काळात ॲबसेसस गटाचा असा प्रकार पसरला, जो २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडलाही दाद देत नव्हता, आणि त्यातील अनेक रुग्णांच्या शस्त्रक्रिया दुर्बिणीनेच झाल्या होत्या. त्यात भर म्हणजे द्रावणातून काढलेले उपकरण नळाच्या किंवा "उकळलेल्या" पाण्याने विसळले जाते आणि केलेले सगळे काम त्या पाण्यात वाहून जाते.

प्रत्येक उपकरण सुटे करून, एन्झाइमच्या द्रावणात ब्रशने घासून, पोकळीतून पाणी दाबाने सोडून, पूर्ण वाळवून मगच निर्जंतुकीकरणाला द्यावे. सांध्यात सुकलेले रक्त राहिले तर कोणतेही यंत्र उपयोगाचे नाही. उष्णता सोसणारी उपकरणे ऑटोक्लेव्हमध्ये, १२१ अंशांवर किंवा १३४ अंशांवर ठरलेल्या वेळेसाठी, आणि न सोसणारी इथिलीन ऑक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्माने निर्जंतुक करावीत. एका दिवसात सहा शस्त्रक्रिया आणि उपकरणांचा संच एकच, हे गणित बदलल्याशिवाय यातले काहीही टिकणार नाही. दुसरा संच विकत घेणे हाच खरा खर्च आहे.

शेवटचे काम रजिस्टरचे. त्या रुग्णाच्या तारखेपासून मागचे आणि पुढचे तीन महिने त्याच संचाने झालेल्या शस्त्रक्रियांची यादी काढून प्रत्येकाला फोन करावा. "सगळे ठीक आहे ना?" असे विचारू नये, कारण त्यावर आपल्याकडे माणूस "हो, ठीक आहे" असेच म्हणतो. टाक्यांच्या जागी हात लावायला सांगावे, आणि बोटाला गाठ लागते का, एवढेच विचारावे.